मदत हवी आहे : काल्पनिक वायुदेवतेच्या उपासकांचे तत्त्वज्ञान आणि वारा पडल्याची वेळ

नमस्कार. मी वेसाव्यात राहते आणि गेल्या पावसाळ्यापासून एक दीर्घकथा लिहीत आहे. तिच्यातील बेटावरचे लोक ‘भिरवा’ नावाच्या वाऱ्याच्या देवाला मानतात. देव, लोक आणि बेट हे सर्वस्वी कल्पनेतले आहे. तरीही त्यांच्या श्रद्धेला आतून काही संगती असावी असा माझा आग्रह आहे, आणि नेमकी तिथेच मी अडले आहे.

भिरवा मला सुकत घातलेल्या बोंबलांवरून सुचला. आमच्याकडे पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबू रोवून दोर ताणतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने ते टांगतात. हाताला बुळबुळीत लागणारा तो मासा काही दिवसांत कडक होतो, कारण वारा त्यातले पाणी नेतो आणि मासा आपल्याला ठेवतो. यावरून माझ्या लोकांचा मुख्य सिद्धांत ठरला : देव नेतो ते सडवणारे असते. म्हणून ते नैवेद्य दाखवत नाहीत. दुःख आणि वैर हेच मनातले ओलेपण मानून ते उंच जागी उभे राहून मोठ्याने बोलतात, आणि एकदा वाऱ्यावर सोडलेली गोष्ट पुन्हा उकरून काढणे हा त्यांच्यात अपराध आहे.

त्यांच्याकडे मूर्ती नाही. ऋग्वेदातील वातसूक्तातही (१०.१६८) वाऱ्याचा घोष ऐकू येतो, रूप मात्र दिसत नाही, असे म्हटले आहे, त्यामुळे भिरवा म्हणजे वेष बदललेला आपला वायूच, असे वाचकाला वाटू नये याची मला काळजी आहे.

आता अडचण सांगते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून खारे वारे आत येतात, रात्री ती लवकर निवते म्हणून मतलई वारे समुद्राकडे जातात, आणि ही अदलाबदल होताना मध्ये काही वेळ वारा पडतो. वाहणे हेच ज्याचे असणे, तो देव त्या वेळी कुठे असतो? ‘तो तेव्हाही सर्वत्र आहे’ असे उत्तर दिले, तर आम्ही थेट उपनिषदांत पोहोचतो. छांदोग्य उपनिषदातील संवर्गविद्येत, म्हणजे सारे सामावून घेणाऱ्या तत्त्वाच्या शिकवणीत, अग्नी, सूर्य, चंद्र आणि पाणी अखेर वायूतच विलीन होतात. मला ते उसने घ्यायचे नाही. शिवाय बोललेले सारे वारा नेत असेल, तर या लोकांत दिलेले वचन टिकणार कसे? तत्त्वज्ञानाच्या किंवा समुद्राच्या जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद :

ताई, तुमच्या दोन अडचणी वेगळ्या नाहीत असे मला वाटते. माझे आजोबा शिडाची होडी चालवत. वारा पडला की शीड लोंबते आणि वल्ही हातात घ्यावी लागतात. त्या वेळी देव कुठे गेला, हा प्रश्न होडीत कोणी विचारत नाही, कारण पाळी आता माणसाची असते. तुमच्या लोकांनीही देव कुठे आहे याचे उत्तर देऊ नये. वारा पडलेला असताना बोललेले कोणी नेत नाही, ते बोलणाऱ्याच्याच अंगावर राहते, एवढेच त्यांनी मानावे. मग दुःख वाऱ्यात सांगायचे आणि वचन वारा पडल्यावर द्यायचे.

लेखिकेचे उत्तर :

दादा, मनापासून आभार. कथेतले लग्न मी भर दुपारी, खाऱ्या वाऱ्यात लावले होते. ते आता सकाळी, मतलई पडल्यावर आणि खारा सुटण्यापूर्वी लागेल. मुलीची आई कापसाचा एक धागा उंच धरून उभी असेल, आणि तो हलण्याआधी दोघांचे बोलून व्हायला हवे.