गाय घेताना ठेवण बघायची की दूध?

पारनेरचा_पोरगा
मागच्या महिन्यात आठवडी बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आणली, ठेवण म्हणजे अंगाची बांधणी बघून. कास बादलीएवढी, पाठ सरळ, पोटाखालची दुधाची शीर अंगठ्यासारखी जाड. व्यापारी म्हणाला, दिवसाला २२ लिटर. सोबतचे जाणकार म्हणाले, डोळे झाकून घे. घरी मापलं तर १३ च्या वर सरकेना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! उलट चुलत्याची गाय बघा. मागचा पुठ्ठा उतरता, अंगावर मास नाही, पण चौथ्या वेतातही २० देते. माझं स्पष्ट मत आहे की प्रदर्शनात ठेवणीवर गुण आणि बक्षिसं देणं बंद करा. दुधाची नोंदवही दाखवा, नाहीतर गाय माघारी न्या.

बारामतीचा_गोठा
दादा, राग ठेवणीवर कशाला काढता? तुम्ही ठेवण बघितलीच नाही, फुगवटा बघितला. बाजाराआधी एकदोन वेळा धार चुकवली की कुठलीही कास बादलीएवढी दिसते. धार काढून झाल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबली पाहिजे. तशीच टणक राहिली तर ती मासाची कास. आणि चुलत्याच्या गायीला अंगावर मास नाही म्हणता, अहो, दुधाळ गायीची ठेवण तीच की!

पारनेरचा_पोरगा
म्हणजे शेवटी धार काढूनच बघायचं ना? मग ठेवण कुठं राहिली?

गुरांचा_डॉक्टर
दोघांचंही अर्धं बरोबर. अमेरिकेत प्रदर्शनात गायी जोखायच्या गुणपत्रिकेत १०० पैकी ४० गुण कासेला, २५ दुधाळपणाला, २० मागच्या पायांना आणि खुरांना, उरलेले १५ सांगाड्याला. ते आज किती लिटर हे सांगायला नाहीतच. गाय किती वेतं टिकेल याचा तो अंदाज. कास मागच्या गुडघ्याच्या खाली लोंबली की सड तुडवले जातात, चिखल लागतो, दगडी म्हणजे कासेची सूज होते. काँक्रीटच्या गोठ्यात पाय वाकडे असलेली गाय लवकर बसते. दुधाच्या शिरेवर मात्र फार विसंबू नका. शिवाय नव्या जागी आलेली गाय सुरुवातीला बऱ्याचदा दूध चोरते, पूर्ण पान्हा सोडत नाही.
एक कबूल करतो. ठेवण बघणाऱ्यांना उंचीचा सोस फार, आणि उंची पुढच्या पिढीत सहज उतरते. पायांचा गुण तेवढा उतरत नाही. गायी थोराड झाल्या, खाणं वाढलं. आता नफा बघून वळू निवडायच्या अमेरिकेतल्याच निर्देशांकात जास्त वजनाला उणे गुण आहेत.

उदगीरकर
एचएफचं एचएफला. आमच्या देवणीच्या प्रदर्शनात वानेरा, बालंक्या, शेवरा हे रंग बघतात, कपाळ बघतात, वशिंड बघतात. बादली कुणी आणत नाही. खिल्लार ओढकामाची, तिची शिंगं आणि चाल बघा, माझी हरकत नाही. पण देवणी दुधाचीही जात आहे. नुसत्या रंगावर वळू निवडत गेलात तर दूध आटेल. ठेवण ठेवा, पण निम्मे गुण मापाला द्या.

बारामतीचा_गोठा
प्रदर्शनाच्या दिवशीचं माप? तिथंही पेंड चारून फुगवतीलच की. त्यापेक्षा डोळा बरा.

पहाटेची_धार
रोज सहा गायी मी पिळते. निवाडा करणाऱ्या भाऊंनी कधी धार काढलीय का? हाताला सड चार बोटं लांब हवेत, मशीनला आखूड चालतात. मागचे दोन सड एकमेकांना चिकटलेले असले की कप नीट बसत नाही. माझी बक्षीसवाली कालवड व्यायली तेव्हा हे कळलं.

पारनेरचा_पोरगा
ताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरसाहेब, कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर सरकारी नोंदीत टाकला तर दूध कळतं का?

गुरांचा_डॉक्टर
कुणी नोंद भरली असेल तर. बाजारातल्या बहुतेक गायींच्या नंबरापुढं दुधाचा रकाना कोराच असतो.

पारनेरचा_पोरगा
ठरलं. पुढची गाय बाजारातून नाही, शेतकऱ्याच्या दावणीवरून. रात्री मुक्काम करणार, संध्याकाळची आणि सकाळची धार डोळ्यांसमोर.

पहाटेची_धार
दोन नको, तीन बघा. पहिली तुंबवलेली असते, ती मोजायचीच नाही.