टीवायबीएस्सी (बीएस्सीचं तिसरं वर्ष) गणित: अंतर्गत गुणांतले २० कशाचे द्यावेत?

दादर_टीटी: टीवायला रिअल ॲनालिसिस आणि न्यूमेरिकल मेथड्स, वर्गात ६२ मुलं. अंतर्गत ४० पैकी २० ची लेखी चाचणी ठरलेली आहे. उरलेले २० आमच्यावर सोडलेत. सिद्धता लिहिणं, संगणकावरचं काम आणि तोंडी मांडणी हे तिन्ही तपासायचंय. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) पूर्ण म्हणून गुण पूर्ण, हा प्रकार नको, कारण निम्मी जर्नलं उतरवलेली असतात. दोघांत झेपेल असं सुचवा.

एप्सिलॉन_मुलुंड: ८-६-६ करा. ८ सिद्धतेला, ६ संगणकाला, ६ तोंडीला.

सिद्धता घरी देऊच नका, चॅटजीपीटी छान लिहून देतं. वर्गात २५ मिनिटं, प्रश्न साधा: एक्स स्क्वेअर हे २ पाशी कंटिन्युअस (संतत) आहे हे व्याख्येवरून दाखवा. व्याख्या, क्वांटिफायर (‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’) योग्य क्रमाने: २. डेल्टाची (एक्स २ च्या किती जवळ हवा ते अंतर) निवड: २. असमानता: ३. वाक्यं नीट जोडलेली: १. हमखास चूक म्हणजे डेल्टा = एप्सिलॉन (उत्तरात चालेल तेवढा फरक) भागिले मॉड (एक्स अधिक २). दिसायला बरोबर, पण डेल्टा एक्सवर अवलंबून राहिला म्हणजे तो ठरलाच नाही. आधी एक्स आणि २ मधलं अंतर १ पेक्षा कमी धरायचं, मग एक्स अधिक २ हे ५ च्या आत राहतं आणि डेल्टा १ व एप्सिलॉन छेद ५ यांतला लहान घेता येतो. चुकलेल्याचे निवडीचे २ कापा, पुढची असमानता त्याच्या डेल्टाला धरून बरोबर असेल तर तिचे द्या. एका चुकीला दोनदा कापायचं नाही.

दोघं तपासणार असाल तर आधी तेच ५ पेपर दोघांनीही तपासा. एकापेक्षा जास्त गुणांचा फरक आला की तिथेच थांबून नियम ठरवा.

न्यूटन_डोंबिवली: संगणकाला न्यूटन-रॅफसन (अंदाज फेरीफेरीने सुधारत मूळ काढायची पद्धत). प्रत्येकाला आकडा वेगळा: १०० अधिक रोल नंबर, त्याचं वर्गमूळ, सुरुवात १० पासून. (२१ आणि ४४ वाल्यांचं उत्तर पूर्णांक येईल, त्यांना दुसरा द्या.) जोडीला (एक्स वजा १) चा वर्ग, त्याचं मूळ काढायचं, सुरुवात २ पासून. पहिल्यात चार-पाच फेऱ्यांत संगणकाची अचूकता संपते. दुसऱ्यात चूक दर फेरीला फक्त निम्मी होते, कारण मूळ दुहेरी आहे (तेच मूळ दोनदा येतं). कोडला २, तक्त्याला १, फरक का पडला त्याला ३. कोडला जास्त दिलेत की कोडच उतरवला जातो.

थांबायची अट फंक्शनची किंमत १ छेद १० लाखपेक्षा कमी अशीच ठेवा. दुहेरी मुळाला दहाव्या फेरीत कोड थांबतो, पण एक्समधली चूक अजून सुमारे हजारांशाची असते. बहुतेक जण तरीही सहा दशांश छापतात. हाच तोंडीचा प्रश्न.

दादर_टीटी: भारी. पण ६२ जणांची तोंडी? आणि गटाने प्रोजेक्ट केलं तर?

एप्सिलॉन_मुलुंड: ५ मिनिटांप्रमाणे ३१० मिनिटं, म्हणजे पाच तास दहा मिनिटं. प्रॅक्टिकलच्या तीन बॅचेसमध्ये उरकतं. चिठ्ठीत त्या मुलाच्याच जर्नलचा पान नंबर. त्या पानावरची एक ओळ तुम्ही निवडा आणि ती का खरी, ते विचारा. "प्रमेय सांग" म्हणू नका, पाठांतर बाहेर येतं.

व्हीटी_फास्ट: गटाला एकच गुण देऊ नका. तिघांचा गट, पण तिघांपैकी कोणालाही कुठलाही भाग विचारला जाईल हे पहिल्याच दिवशी सांगा. मात्र गटकाम म्हणून वेगळा गुण ठेवणं मला पटत नाही. तो बोलक्यांना मिळतो.

न्यूटन_डोंबिवली: तोंडीत चुकीची सिद्धताही देता येते. "एक्स स्क्वेअर सगळ्या रिअल रेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस" (म्हणजे सगळीकडे एकच डेल्टा चालतो) अशी सहा ओळींची खोटी सिद्धता, पहिली चुकीची ओळ शोध. ओळ सापडली तर ३. उदाहरण दिलं तर आणखी ३: एन आणि एन अधिक (१ छेद एन), अंतर शून्याकडे जातं पण वर्गांतला फरक कायम २ पेक्षा जास्त. दर बॅचला सिद्धता बदला, पहिली बॅच बाहेर पडली की कॅन्टीनमध्ये सगळं फुटतं.

दादर_टीटी: ८-६-६ पक्कं. गुणांची विभागणी सत्राच्या पहिल्या आठवड्यात छापून लावतो.

व्हीटी_फास्ट: नोटीसवर गैरहजेरीचा नियमही लिहा. फेरतोंडी कधी आणि किती गुणांची, हे नसेल तर शेवटच्या दिवशी रांग लागते.