मदत हवी आहे: युनिट, इंटिग्रेशन आणि एंड-टू-एंड टेस्टचं प्रमाण कसं ठरवायचं?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

ऑटोमेटेड टेस्टिंगमधल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. परिस्थिती सविस्तर मांडते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

आमचं काम आरक्षणाच्या सॉफ्टवेअरचं. ग्राहक तारखा निवडतो, जागा धरून ठेवतो, पैसे भरतो, हवं तर पुढे रद्द करतो. मागे चार सर्व्हिस आहेत: आरक्षण, पेमेंट, सूचना आणि रिपोर्ट. सगळ्या जावामध्ये, प्रत्येकीचा पोस्टग्रेस डेटाबेस वेगळा. पुढचा भाग रिअ‍ॅक्टमध्ये.

युनिट टेस्ट, म्हणजे एकेक फंक्शन किंवा क्लास सुटा तपासणाऱ्या, हजारोंनी आहेत आणि दोन-तीन मिनिटांत उरकतात. ब्राउझर उघडून सगळं एकत्र तपासणाऱ्या एंड-टू-एंड टेस्ट २००च्या आसपास, त्यांना तासाच्या वर लागतो. मधला थर, म्हणजे काही भाग जोडून तपासणाऱ्या इंटिग्रेशन टेस्ट, नावापुरता. ज्या थोड्या इंटिग्रेशन टेस्ट आहेत त्या एच-टू या इन-मेमरी (फक्त मेमरीत चालणाऱ्या) डेटाबेसवर चालतात.

त्रास दोन्ही टोकांना आहे. ब्राउझरच्या टेस्ट कधी पडतील याचा नेम नाही. कोडला कोणी हात लावलेला नसताना बिल्ड (कोड बांधून टेस्ट चालवण्याची फेरी) लाल होतो आणि पुन्हा चालवला की हिरवा. आता लोक लाल दिसलं की लॉग न वाचताच 'रीरन' दाबतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. युनिट टेस्टचं उलटं. त्यात मॉक (खऱ्या भागाच्या जागी ठेवलेले नकली भाग) इतके भरलेत की एखादी मेथड नुसती दुसऱ्या क्लासमध्ये हलवली तरी ढीगभर टेस्ट मोडतात, आणि वागणूक खरोखर चुकते तेव्हा एकही मोडत नाही.

एक उदाहरण देते. पेमेंट सर्व्हिसने रिफंडच्या स्टेटसमध्ये 'अंशतः परत' अशी नवी व्हॅल्यू सुरू केली. आरक्षण सर्व्हिसला 'परत केले' आणि 'नाकारले' एवढंच ठाऊक. नवी व्हॅल्यू आली की कोड शेवटच्या एल्समध्ये, म्हणजे 'नाकारले'मध्ये जायचा. ग्राहकाला रिफंड नाकारल्याचा मेल, पैसे मात्र खात्यात जमा. दोन्ही बाजूंच्या युनिट टेस्ट हिरव्या होत्या, कारण आमच्या मॉकला या नव्या व्हॅल्यूची खबरच नव्हती. ब्राउझर टेस्टमध्ये फक्त पूर्ण रिफंड तपासला जातो.

वाचन केलं आहे. माइक कोन यांचा टेस्टचा पिरॅमिड सांगतो की तळाशी युनिट भरपूर ठेवा, वरच्या टोकाला मोजक्या. गूगलच्या टेस्टिंग ब्लॉगवर २०१५मध्ये ७०-२०-१० (युनिट, इंटिग्रेशन, एंड-टू-एंड) हे प्रमाण पहिला अंदाज म्हणून सुचवलं होतं. २०१८मध्ये केंट डॉड्स यांची 'ट्रॉफी' आणि स्पॉटिफायचं 'मधाचं पोळं' ही दोन चित्रं आली, त्यात मधला थर सगळ्यात जाड. आमच्यासारख्या रचनेत नेमकं कोणतं प्रमाण धरावं? ब्राउझरच्या टेस्ट कमी करायच्या तर कुठल्या आधी? आणि ८०% कव्हरेजची (टेस्ट चालताना कोडच्या इतक्या ओळी चालल्याच पाहिजेत अशी) जी अट आमच्यावर आहे तिचं काय करावं?

अर्धविराम

प्रमाण आधी ठरवू नका. प्रत्येक टेस्ट योग्य जागी बसली की जे उरतं ते तुमचं प्रमाण. एखाद्याचं सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ आकडेमोड असते, तिथे ९०% युनिट टेस्ट शोभतात. एखाद्याची सर्व्हिस इकडून घेऊन तिकडे देते, तिच्यात युनिट टेस्ट करण्याजोगं फारसं नसतंच. स्पॉटिफायच्या लेखातली मांडणीही मायक्रोसर्व्हिसपुरती (छोट्या, स्वतंत्र सर्व्हिसच्या रचनेपुरती) होती, ती सगळीकडे लावायची गोष्ट नव्हे.

माझा सल्ला असा. गेल्या काही महिन्यांत प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात तिथे) गेलेले बग काढा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: हा बग दिसू शकेल अशी सगळ्यात खालची पातळी कोणती? एका फंक्शनमध्ये दिसतो, डेटाबेस जोडल्यावर दिसतो, दोन सर्व्हिस जोडल्यावर दिसतो, की सगळं उभं केल्यावरच दिसतो? टेस्ट त्या पातळीवर लिहायची, तिच्या वर नाही. यादी तयार झाली की तुमच्याकडे कुठला थर पातळ आहे ते आपोआप कळेल.

आता एच-टूबद्दल. एकाच जागेची दोन आरक्षणं एकमेकांवर येऊ नयेत यासाठी तुम्ही पोस्टग्रेसमध्ये काय केलं आहे? माझा अंदाज, तारखांच्या रेंजवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी डेटाबेसच नाकारेल असा नियम) असेल. ती सोय एच-टूमध्ये नाही. म्हणजे टेस्ट चालवताना ती मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) कुठेतरी वगळली जात असणार, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम डेटाबेसच्या पातळीवर एकदाही तपासला जात नसणार. कृपया आजच बघा.

टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी वापरून टेस्टसाठी खरा पोस्टग्रेस डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणाऱ्या खोक्यात) उभा करा, प्रॉडक्शनमध्ये आहे तीच आवृत्ती. कंटेनर प्रत्येक टेस्टला नवा नको, टेस्टच्या पूर्ण संचासाठी एकच पुरतो. मग दोन थ्रेडमधून एकाच जागेसाठी एकाच वेळी आरक्षण टाका आणि एकच यशस्वी होतं याची खात्री करा. ही टेस्ट ब्राउझरमधून भरवशाने लिहिता येत नाही आणि मॉकवर तर लिहिताच येत नाही. मधला थर लागतो तो असल्या कामासाठी.

रिफंडच्या बगसाठी कॉन्ट्रॅक्ट टेस्ट (दोन सर्व्हिसमधल्या देवाणघेवाणीचा करार तपासणाऱ्या) लावा, पॅक्ट वगैरे टूल वापरून.

पाचवा_कोपरा

मी फक्त 'रीरन'वर लिहितो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

समजा २०० टेस्टपैकी प्रत्येक टेस्ट विनाकारण पडण्याची शक्यता फक्त ०.५% आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळ्या एकाच वेळी पास होण्याची शक्यता येते सुमारे ३७%. म्हणजे कोड निर्दोष असूनही तीनपैकी जवळजवळ दोन बिल्ड लाल. अशा वेळी माणसं लालकडे दुर्लक्ष करायला लागली तर दोष त्यांचा नाही. तेवढ्याच फ्लेकी (कोड न बदलताही कधी पास, कधी नापास होणाऱ्या) टेस्ट २० असत्या तर ९०% बिल्ड हिरवे आले असते.

ही अडचण मोठ्यांनाही चुकलेली नाही. गूगलने २०१६मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे टेस्टच्या एकूण रनपैकी सुमारे १.५% फ्लेकी निकाल देतात, आणि जवळपास १६% टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा असतोच.

रीट्रायचं, म्हणजे पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याचं, दुसरं नुकसान लवकर लक्षात येत नाही. तुमच्या कोडमध्ये खरीच रेस कंडिशन (एकाच वेळी चाललेल्या कामांच्या क्रमावरून होणारी चूक) आहे आणि ती दहातून एकदा दिसते असं धरा. टेस्ट पडल्यावर आणखी दोनदा चालवायची आणि एकदा पास झाली तरी चालेल असं सेटिंग असेल, तर बिल्ड लाल व्हायला ती तीनही वेळा पडली पाहिजे. तशी शक्यता हजारात एक. ग्राहकाला मात्र ती दहातून एकदा दिसत राहणार. म्हणून रीट्राय ठेवायचाच असेल तर 'दुसऱ्या प्रयत्नात पास' हा निकाल वेगळा नोंदवा आणि दर आठवड्याला ती यादी कोणीतरी वाचा.

कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात. ठराविक सेकंद थांबणारे स्लीप काढा आणि हवी ती गोष्ट पडद्यावर येईपर्यंत वाट पाहा. सगळ्या टेस्ट एकच टेस्ट यूजर वापरत असतील तर समांतर चालताना एक दुसरीचं आरक्षण रद्द करते, तेव्हा प्रत्येक टेस्टने आपला यूजर आपण तयार करावा. आणि आरक्षणाचं सॉफ्टवेअर म्हटल्यावर तारखा आल्याच. 'आज अधिक ३० दिवस' असं जिथे जिथे आहे तिथे घड्याळ बाहेरून द्या. जावामध्ये क्लॉक क्लास त्यासाठीच आहे. नाहीतर महिनाअखेरीला किंवा मध्यरात्रीच्या आसपास टेस्ट पडत राहतील.

सांजवारा

दोघांचेही मनापासून आभार. अर्धविराम, तुमचा अंदाज बरोबर निघाला. एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटची मायग्रेशन टेस्ट प्रोफाइलमधून वगळलेली आहे. खऱ्या पोस्टग्रेसवर नेण्याचं काम सुरू केलं आहे.

बगची यादीही केली. सगळ्यात मोठा गठ्ठा सर्व्हिस-सर्व्हिसमधला आणि कोड-डेटाबेसमधला. त्याखालोखाल तारखा आणि रिफंडची टक्केवारी यांचे हिशोब. सगळं उभं केल्याशिवाय दिसलेच नसते असे बग अगदी थोडे, आणि तेही बहुतेक कॉन्फिगरेशनचे. म्हणजे जिथे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तिथे सगळ्यात कमी सापडतं.

पॅक्टबद्दल विचारायचं आहे. ते लावलं असतं तर रिफंडचा बग सापडला असता का?

दुवा

नसता सापडला. अर्धविराम यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण इथे थोडी दुरुस्ती करतो.

पॅक्टमध्ये करार लिहितो तो कन्झ्युमर (माहिती मागणारी बाजू), तुमच्याकडे आरक्षण सर्व्हिस. 'मी अशी रिक्वेस्ट करीन तेव्हा मला असा रिस्पॉन्स लागेल' असं तो उदाहरणांतून सांगतो, आणि पेमेंट सर्व्हिस आपल्या बिल्डमध्ये ती उदाहरणं खरी ठरतात का ते पडताळते. पेमेंटने फील्ड काढलं, नाव बदललं, आकड्याच्या जागी मजकूर पाठवला तर लगेच कळतं. पण तुमच्या करारात उदाहरणं होती 'परत केले' आणि 'नाकारले' यांचीच. पेमेंट सर्व्हिस ती दोन्ही अजूनही बरोबर देते. तिसरी व्हॅल्यू आल्याने जुना करार मोडत नाही, त्यामुळे सगळं हिरवंच राहिलं असतं.

तुमचा बग खरं तर युनिटच्या पातळीवरचा आहे. अनोळखी स्टेटस आलं तर काय करायचं, हे आरक्षण सर्व्हिसने स्वतः ठरवायला हवं. ज्या कोडमध्ये शेवटचा एल्स एखादा व्यावसायिक निर्णय घेतो, तो कोड नवी व्हॅल्यू येईल त्या दिवशी चुकणारच. तिथे स्टेटसचा ईनम (ठरलेल्या व्हॅल्यूंची यादी) करा. त्यात 'अनोळखी' असा एक सदस्य ठेवा आणि जॅक्सनला (जेसॉन वाचणाऱ्या लायब्ररीला) सांगा की ओळखीची नसलेली प्रत्येक व्हॅल्यू त्यावर न्यायची. ईनमवरचं स्विच एक्स्प्रेशन डिफॉल्टशिवाय लिहा. मग उद्या कोणी ईनममध्ये नवा सदस्य घातला आणि हाताळायचा राहिला, तर कोड कंपाइलच होणार नाही. 'अनोळखी'साठी ग्राहकाला मेल पाठवायचा नाही, रेकॉर्ड बाजूला ठेवून अलर्ट द्यायचा. यावर एक टेस्ट पुरते: स्टेटसमध्ये काहीही मजकूर द्या आणि मेल गेला नाही हे तपासा. मिलिसेकंदात होते.

जोडीला पेमेंटच्या ओपन-एपीआय फाइलची (सर्व्हिस काय घेते आणि काय देते याच्या वर्णनाची) आधीच्या आवृत्तीशी तुलना करणारी पायरी पाइपलाइनमध्ये घाला. रिस्पॉन्सच्या ईनममध्ये भर पडली की पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) इशारा यायला हवा.

पॅक्ट तरीही लावा, चार सर्व्हिस आहेत तर फायदा होईलच. करार साठवणाऱ्या पॅक्ट ब्रोकरला 'कॅन-आय-डिप्लॉय' (आता रिलीज करू का) विचारल्याशिवाय रिलीज नको. फक्त पॅक्ट मेसेजची घडण पाहतं, अर्थ नाही. रिफंडची रक्कम करासहित की कराविना, हे कुठलाही करार सांगणार नाही.

पहिली_खिडकी

मी क्यूएमध्ये (सॉफ्टवेअरची गुणवत्ता तपासण्याच्या कामात) आहे. ब्राउझरच्या टेस्ट काढण्याची घाई करू नका, अशी विनंती. सगळं उभं केल्यावरच दिसणारे बग थोडे असले तरी ते आले की सगळंच बंद पडतं. गेटवेचा टाइमआउट, कुकीचं डोमेन, एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्टेजिंगला (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या जागी) आहे आणि प्रॉडक्शनला नाही, हे खालच्या कुठल्याच थरात दिसत नाही.

मी निवड अशी करते. ज्या प्रवासांपैकी एखादा मोडला तर रात्री लोकांना उठवावं लागेल, तेवढे ब्राउझरमध्ये ठेवायचे. तुमच्याकडे लॉगिन, शोध ते पेमेंट, रद्द करून रिफंड, आणि तारखा बदलणं. प्रत्येकाचा सरळ मार्ग आणि फार तर एखादी अपयशाची वाट. बाकीच्या टेस्ट उघडून पाहा. त्यातल्या बऱ्याच एकाच स्क्रीनवर वेगवेगळा डेटा भरत असतील: रद्द करायला सात दिवस आधी आलात तर एवढं परत, दोन दिवस आधी आलात तर तेवढं. हे नियम पॅरामीटराइज्ड (एकच टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालवणाऱ्या) युनिट टेस्टमध्ये न्या. फॉर्मवरचे एरर मेसेज रिअ‍ॅक्टच्या कंपोनंट टेस्टमध्ये न्या. खालची टेस्ट लिहून झाली, मुद्दाम कोड मोडून ती लाल होते हे पाहिलं, की मगच वरची काढायची. त्या आधी नाही.

सांजवारा

दुवा, फारच उपयोगी. तो एल्स तसाच अजून दोन ठिकाणी सापडला. पहिली_खिडकी, तुमची पद्धत आमच्या टीमला पटेल, कारण त्यात काहीही हरवत नाही.

कव्हरेजचं तेवढं राहिलं. ८०%ची अट काढून टाका असं मी म्हणू शकत नाही, पण त्या आकड्यासाठी लिहिलेल्या टेस्टमध्ये असर्ट (निकाल तपासणाऱ्या ओळी) जेमतेम असतात.

अर्धविराम

दुवा, दुरुस्तीबद्दल आभार, मुद्दा पटला.

सांजवारा, अट राहू द्या, तिच्याशी भांडू नका. कव्हरेज एवढंच सांगतं की ओळ चालली. चालल्यावर काय झालं ते कोणी पाहिलं का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी म्यूटेशन टेस्टिंग आहे, जावामध्ये पिट नावाचं टूल. ते तुमच्या कोडमध्ये छोटे बदल करतं (त्यांना म्यूटंट म्हणतात), 'मोठे'च्या जागी 'मोठे किंवा समान', अधिकच्या जागी उणे, आणि टेस्ट लाल होतात का पाहतं. बदल करूनही सगळं हिरवं राहिलं तर त्या ओळीवर खरा पहारा नाही.

सगळ्या कोडवर चालवू नका, फार वेळ खातं. रिफंडचे हिशोब आणि तारखांचे नियम ज्या पॅकेजमध्ये आहेत तेवढ्यावरच लावा, आणि तेही रात्रीच्या बिल्डमध्ये. पहिला रिपोर्ट आला की 'सात दिवस' आणि 'सातव्या दिवशी' यांच्या सीमेवरचे म्यूटंट आधी बघा. रद्द करण्याच्या नियमांत जगून राहिलेले म्यूटंट बहुतेक तिथेच सापडतात. ते इथे टाकलेत तर टेस्ट कशा लिहायच्या ते मिळून पाहू.