अनुभव धागा: हाय रिझोल्यूशन लॅपटॉपवर अक्षरं धूसर दिसतात तेव्हा

मुळशीकर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीपाळखीत नव्या लॅपटॉपांची रांग लागली आहे. बहुतेकांचा स्क्रीन १४ इंची, २८८० बाय १८००. आणि लॅपटॉपपाठोपाठ प्रश्न ठरलेला: एवढा भारी स्क्रीन, तरी अमुक प्रोग्रॅममधली अक्षरं धुरकट का? विंडोज ८.१ आलं त्या सुमारास, २०१३मध्ये, हेच सगळीकडे विचारलं जायचं. त्या चर्चा आठवल्या. तेव्हाची निम्मी उत्तरं आता लागू नाहीत, म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की माहीत आहे ते लिहा.

माझ्याकडून सुरुवात. सेटिंग बदलण्याआधी चित्र कोण ताणतंय ते शोधा. ताणणारे चार असू शकतात: प्रोग्रॅम स्वतः, विंडोज, ग्राफिक्स कार्ड किंवा बाहेरचा मॉनिटर. चौघांचे उपाय वेगळे.

ओळखायची सोपी रीत म्हणजे स्क्रीनशॉट. धूसर खिडकीचा स्क्रीनशॉट काढा, फोनवर पाठवा (डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून टाकतं) आणि मोठा करून बघा. चित्रातही अक्षरं धूसर असतील तर दोष प्रोग्रॅम किंवा विंडोजकडे. चित्र लख्ख आणि स्क्रीनवरच धूसर, तर रिझोल्यूशन, केबल किंवा मॉनिटर. आणि पूर्ण स्क्रीनच्या चित्राची मापंही बघा. २८८० बाय १८००च्या पॅनेलवर ती १९२० बाय १२०० निघाली, तर कुणीतरी रिझोल्यूशन खाली आणलंय आणि तिथेच शोध संपला.

निमकी

शेवटचा मुद्दा ठळक करून घ्या. "अक्षरं बारीक दिसतात" म्हणून दुकानदारसुद्धा रिझोल्यूशन कमी करून देतात. रिझोल्यूशनला हात लावायचा नाही, ज्याच्यापुढे "रेकमेंडेड" लिहिलंय तेच ठेवायचं. बदलायचा तो स्केल, म्हणजे अक्षरं-बटणं किती टक्के मोठी दिसावीत ते. सेटिंग्ज > सिस्टीम > डिस्प्ले > स्केल.

आणि नुसती अक्षरंच मोठी हवी असतील, बटणं नाही, तर ॲक्सेसिबिलिटी > टेक्स्ट साइज. १००पासून २२५ टक्क्यांपर्यंत जातं.

जुनाखिळा

४के स्क्रीन (३८४० बाय २१६०) १९२० बाय १०८०वर ठेवला तर बरोबर दुप्पट, मग धूसर का, असं विचारणारे पुष्कळ. गणित बरोबर आहे. एका पिक्सेलचे चार व्हायला हवेत. पण ग्राफिक्स कार्ड सहसा शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळत ताणतं, म्हणून कडा विरघळतात. इंटेल आणि एनव्हिडियाने २०१९मध्ये इंटिजर स्केलिंग (रंग न मिसळता पूर्ण पटीत ताणणं) आणलं, ते चालू केलं तर कडा धारदार राहतात. जुन्या खेळांसाठी उत्तम. रोजच्या मजकुरासाठी मात्र नको, अक्षरांच्या पायऱ्या दिसतात. निमकी म्हणतात तेच बरोबर.

पाटलांची_सून

आमच्याकडे अकाउंटचं जुनं सॉफ्टवेअर धूसर, बाकी सगळं छान. मुळशीकर, पुढे? पटकन सांगा, कुकर लावलाय.

मुळशीकर

@पाटलांची_सून, कुकर होईतो जमेल.

त्या प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलवर (जी उघडली की प्रोग्रॅम सुरू होतो ती) राइट क्लिक > प्रॉपर्टीज > कंपॅटिबिलिटी > चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज (डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके). खाली "ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेवियर" वर टिक करा. यादीत तीन पर्याय येतात.

ॲप्लिकेशन: विंडोज ताणणं बंद करतं. अक्षरं धारदार, पण जुना प्रोग्रॅम असेल तर मुंगीएवढी.
सिस्टीम: विंडोज अख्खी खिडकी चित्रासारखी ताणतं. आकार योग्य, पण धूसर. बहुधा सध्या तुमच्याकडे हेच चाललंय.
सिस्टीम (एन्हान्स्ड): खिडकीचा आकार वाढवतो आणि मजकूर नव्या आकारात पुन्हा रेखाटतो. आकारही योग्य, अक्षरंही स्वच्छ.

तिसरा निवडा, ओके, प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हा पर्याय विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून आहे. चालतो फक्त जीडीआय या विंडोजच्या जुन्या चित्रपद्धतीने अक्षरं काढणाऱ्या प्रोग्रॅमवर. जुनी अकाउंटची सॉफ्टवेअरं बऱ्याचदा त्यातली असतात. छोटी चित्रं, टूलबारचे आयकॉन धूसरच राहतील. एखाद्या चौकटीत मजकूर कापला गेला तर मागे फिरा, "सिस्टीम"वर या.

पाटलांची_सून

केलं, काहीच फरक नाही.

बेळगावी_कुंदा

ताई, डेस्कटॉपवरचा आयकॉन एक फाइल उघडतो आणि ती दुसरीच उघडते, असं असेल. लाँचरवर केलेली सेटिंग खऱ्या प्रोग्रॅमला लागत नाही. प्रोग्रॅम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये त्याची ओळ शोधा, राइट क्लिक > ओपन फाइल लोकेशन. जी फाइल दिसेल तिच्यावर करा.

तिथेच आणखी एक. डिटेल्सच्या मथळ्यावर राइट क्लिक > सिलेक्ट कॉलम्स > डीपीआय अवेअरनेस. मग प्रत्येक प्रोग्रॅमपुढे लिहून येतं. "अनअवेअर" म्हणजे त्याला दाट स्क्रीनचा पत्ताच नाही, तो ९६ डीपीआय धरून चालतो. "सिस्टीम" म्हणजे एकच स्केल कळतो. "पर-मॉनिटर" म्हणजे शहाणा. धूसर दिसणारे जवळजवळ सगळे पहिल्या दोनांत सापडतात. हा कॉलम मी कायम उघडा ठेवतो, पुष्कळ वाद मिटतात.

पाटलांची_सून

झालं!!! आकडे एकदम स्वच्छ. कुंदा, मुळशीकर, दोघांचे आभार. सासऱ्यांना दाखवते.

जुनाखिळा

जावावर चालणारे प्रोग्रॅम असतील (सहीची डोंगल वगैरे वापरणारी अनेक सरकारी कामं) तर सेटिंग प्रोग्रॅमच्या आयकॉनवर नाही, जावाडब्ल्यू ईएक्सईवर (javaw.exe) लावायची. जावा ८ला विंडोजवर दाट स्क्रीन कळत नाही, ९पासून कळतं. स्टोअरमधून घेतलेल्या ॲपना मात्र कंपॅटिबिलिटीचा टॅबच नसतो, शोधत बसू नका.

दुहेरी_चष्मा

माझं थोडं वेगळं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांना लॅपटॉपचं अंतर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर, काचेच्या मधल्या अरुंद पट्ट्यातून बघावं लागतं. हनुवटी थोडी वर-खाली करून बघा. विशिष्ट कोनात अक्षरं लख्ख होत असतील तर विंडोजमध्ये काही शोधू नका, चष्मेवाल्याकडे कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. आणि मॅट स्क्रीन गार्ड काढून टाका. दाट पिक्सेलवर त्याचा खरखरीत पृष्ठभाग बारीक चकाकणारे दाणे उभे करतो, पांढऱ्या पानावर जास्त.

निमकी

+१ गार्डबद्दल. नवा लॅपटॉप, पहिल्या दिवशी गार्ड, दुसऱ्या दिवशी तक्रार. नेहमीचं आहे.

सह्याद्री२

बाहेरचा मॉनिटर जोडला की काय होतं ते कुणी लिहिलं नाही. घरून काम करणाऱ्यांचं खरं दुखणं ते.

१४ इंची २८८० बाय १८०० म्हणजे इंचाला २४३ पिक्सेल. शेजारी २४ इंची फुल एचडी म्हणजे जेमतेम ९२. एकाला २०० टक्के हवेत, दुसऱ्याला १००. विंडोज ते वेगवेगळे ठेवतं, पण "सिस्टीम" जातीचे प्रोग्रॅम साइन इन करताना मुख्य स्क्रीनचा जो स्केल होता तोच धरून बसतात. केबल नंतर लावली की ते दुसऱ्या स्क्रीनवर धूसर.

उपाय: केबल आधी लावा, मग साइन आउट करून पुन्हा साइन इन. रोज ते नको असेल तर त्याच हाय डीपीआय सेटिंग्जच्या चौकटीत वरच्या भागात "प्रोग्रॅम डीपीआय" आहे. तिथे टिक करून "आय ओपन धिस प्रोग्रॅम" निवडा. मग साइन इनऐवजी प्रोग्रॅम उघडतानाचा स्केल धरला जातो.

वर्ड-एक्सेलसाठी: फाइल > ऑप्शन्स > जनरल, "ऑप्टिमाइझ फॉर बेस्ट अपिअरन्स". दुसरा पर्याय कंपॅटिबिलिटीचा, तो धूसर करतो.

कस्टम स्केलमध्ये १३७ वगैरे आकडा कुणी टाकला असेल तर आधी काढा. तो सगळ्या मॉनिटरांना एकच लागतो.

मॅकमामा

मॅकवाल्यांनी हसू नये. तिथेही हे आहे, फक्त दिसत कमी. मॅक आधी दुप्पट आकारात सगळं काढतो, मग पॅनेलमध्ये बसवतो. जून २०१२च्या पहिल्या रेटिना मॅकबुक प्रोवर (१५.४ इंची, २८८० बाय १८००) मूळ सेटिंग १४४० बाय ९००, म्हणजे नेमकं दुप्पट. "मोअर स्पेस" घेऊन १९२० बाय १२०० केलं की आत ३८४० बाय २४०० काढून ते २८८०त आवळतो. जराशी मऊ अक्षरं येतात. एम१ मॅकबुक एअरचं पॅनेल २५६० बाय १६००, पण मूळ सेटिंग १४४० बाय ९००. नेमकं दुप्पट हवं तर १२८० बाय ८०० घ्यायचं.

खरा त्रास २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४०) मॉनिटरला, इंचाला १०९ पिक्सेल. २०१८च्या मोहावेपासून (मॅकओएसची आवृत्ती) सबपिक्सेल स्मूदिंग, म्हणजे पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे भाग वापरून कडा गुळगुळीत करणं, मुळात बंद, त्यामुळे तिथे अक्षरं जाड आणि मळकी. त्यावर उत्तर म्हणजे ४के मॉनिटर.

निमकी

मामा, २७ इंची ४के केवढ्याला पडतो हल्ली? वेगळा धागा काढा ना त्याचा. मलाही घ्यायचाय.

मॅकमामा

काढतो रविवारी.

अक्षरधुनी

मराठीबद्दल कुणी बोललंच नाही! देवनागरीवर हा परिणाम रोमनपेक्षा जास्त दिसतो, कारण शिरोरेखा. आडवी सलग रेघ आहे, ओळभर. १०० टक्क्यांना ती एक पिक्सेल जाडीची धरा. १२५ टक्क्यांना ती सव्वा पिक्सेल होते. सव्वा पिक्सेल काढता येत नाही, म्हणून एक ओळ काळी आणि तिच्या खाली किंवा वर एक फिकट राखाडी. भिंगातून बघितलं तर स्पष्ट दिसतं. प्रत्येक शब्दावर ती राखाडी सावली, म्हणून अख्खं पान धुरकट वाटतं. २०० टक्क्यांना नेमक्या दोन ओळी, दोन्ही काळ्या.

म्हणून २८८० बाय १८००वर मराठी टंकणाऱ्यांनी आधी २०० करून बघावं. १४४० बाय ९००एवढी जागा मिळते. अगदीच कमी पडली तर १७५. स्क्रीन जितका दाट तितकी ती राखाडी कड बारीक होते, त्यामुळे १७५ला फारसं बिघडत नाही. पण १५.६ इंची फुल एचडीवर (इंचाला १४१) १२५ टक्के म्हणजे मराठीचे हालच.

फॉन्टही बघा. मंगल जुना, कमी रिझोल्यूशनच्या काळातला. विंडोज ८पासून निर्मला यूआय आहे, तो वापरा. कोकिळा त्याच पॉइंटला बराच लहान दिसतो, म्हणून लोक झूम वाढवतात आणि मग फॉन्टला नावं ठेवतात. जुन्या फाइलींत मंगल लागतोच, तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाकून घ्या. नाहीतर वर्ड त्याच्या जागी दुसराच फॉन्ट लावतो आणि पानं सरकतात.

मुळशीकर

@अक्षरधुनी, क्लिअरटाइपबद्दलही (विंडोजचं अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायचं तंत्र) लिहा ना.

अक्षरधुनी

स्टार्टमध्ये क्लिअरटाइप टाइप केलं की "ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट" येतं. प्रत्येक स्क्रीनसाठी मजकुराचे नमुने दाखवतं, स्वच्छ दिसेल तो निवडत जायचं. हे तंत्र पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या शेजारीशेजारी आहेत असं धरतं. ओएलईडीत मांडणी अनेकदा वेगळी असते, मग अक्षरांच्या कडेला लालसर-हिरवट झालर येते. तिथे पहिल्याच पानावरची टिक काढून टाका. २४३च्या घनतेला क्लिअरटाइपची गरजही उरत नाही.

बाकी रात्री, मुलीची परीक्षा आहे.

सह्याद्री२

कितवीत आहे? शुभेच्छा सांगा तिला.

कोकणी_टक्स

लिनक्स. उबुंटूत डिस्प्ले सेटिंगमध्ये फ्रॅक्शनल स्केलिंगचा खटका आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती: नवी वेलँड, जुनी एक्स११. वेलँडवर चालणारे प्रोग्रॅम ठीक दिसतात, जुने एक्स११वाले १२५-१५०ला धूसर. कोणता प्रोग्रॅम कुठला ते कळायला एक्सआइज (दोन डोळे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) चालवा. माउस त्या खिडकीवर फिरवताना डोळे हलले तर तो एक्स११वाला. केडीई या डेस्कटॉपमध्ये प्लाझ्मा ५.२६पासून (ऑक्टोबर २०२२) "लेगसी ॲप्लिकेशन्स"साठी "अप्लाय स्केलिंग देमसेल्व्ह्ज" आहे, ते ठेवा. जुन्या आवृत्तीचा क्रोम धूसर असेल तर फ्लॅग्जच्या पानावर "प्रिफर्ड ओझोन प्लॅटफॉर्म" वेलँड करा. नोम (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) वापरताना अडलात तर सरळ २०० टक्के, पूर्णांकात भानगड नाही.

दुहेरी_चष्मा

टीव्ही जोडला तर काळ्यावर लाल अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, ते काय?

जुनाखिळा

काका, ते स्केलिंग नाही. रंगाची माहिती कमी पाठवली जातेय, ४:२:० किंवा ४:२:२. काळं-पांढरं बरं दिसतं, रंगीत अक्षर फुटतं, ही त्याची खूण. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआयचं नाव "पीसी" ठेवा. बऱ्याच टीव्हींत तेवढ्याने पूर्ण रंग येतो. एनव्हिडिया असेल तर कंट्रोल पॅनेल > चेंज रिझोल्यूशनमध्ये आरजीबी आणि फुल. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट". शार्पनेस कमी करा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी कड येते.

आणि एचडीएमआय २.०वर ४के, ६० हर्ट्झ, पूर्ण रंग हे फक्त ८ बिटमध्ये बसतं. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी सोय) लावलं की १० बिट मावत नाही, रंग पुन्हा कापला जातो. मजकूर वाचायचा तर एचडीआर बंद.

बेळगावी_कुंदा

रिमोट डेस्कटॉप (दुसरं मशीन लांबून चालवणं) राहिलं. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या आयकॉनवर क्लिक केलं की मेनू येतो, त्यात "स्मार्ट सायझिंग"वर टिक असेल तर काढा, ते चित्र ताणतं. पलीकडच्या मशीनचा स्केल तिथे बसून बदलता येत नाही, तो तुमच्या लॅपटॉपकडून घेतला जातो. बदल केल्यावर नुसतं डिसकनेक्ट नाही, पलीकडे साइन आउट करून पुन्हा जोडा.

पाटलांची_सून

आता सासरे विचारतायत, जुन्या फेरफाराची पीडीएफ धूसर का?

निमकी

स्कॅन केलेली असेल तर तो फोटोच आहे ताई, सेटिंगने काही होणार नाही. खात्री करायला मजकुरावर माउस ओढून अक्षरं निवडली जातात का बघा. निवडली गेली तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रेफरन्सेस > पेज डिस्प्ले > स्मूद टेक्स्ट, तिथे "लॅपटॉप/एलसीडी". नाही निवडली गेली तर तलाठी कार्यालयातून नवी प्रत काढायला सांगा.