सेलोटेपचा सांधा मुंबईत टिकत नाही

ध्वनिमुद्रणाच्या टेपच्या तुकड्याची दोन टोकं जोडून लूप केला, की तोच आवाज फिरून फिरून वाजत राहतो. हा लूप जोडायला साधी सेलोटेप पुरते, असं काहीजण म्हणतात. दोन-चार दिवसांच्या प्रयोगाला पुरेल, पण मुंबईच्या दमट हवेत तिचा गोंद कडेने पाझरतो आणि हेडवर (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), पिंच रोलरवर (टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक) चिकटतो. माझ्या स्पूल डेकवर, म्हणजे उघड्या रिळांच्या टेपरेकॉर्डरवर, जुलैत हेच झालं. टेप रोलरभोवती गुंडाळली गेली आणि स्पिरिट लावून कापसाने तो पिवळा थर काढण्यात अख्खा रविवार गेला. अशा जोडासाठीच बनवलेली स्प्लायसिंग टेपच घ्या, ती टेपच्या पाठीवर, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूला लावा, आणि काप ४५ अंशांत तिरका द्या. सरळ कापला की प्रत्येक फेरीला ‘टक्’ ऐकू येतं.

लूपच्या लांबीबद्दलही सांगतो. सेकंदाला १९ सेंमी वेगावर ९५ सेंमीचा लूप बरोबर ५ सेकंदांचा होतो. मी तानपुऱ्याचं एक आवर्तन तेवढ्यात बसवलं होतं. सांधा पंचमाच्या तारेच्या जरा आधी, आधीचा नाद ओसरत असताना ठेवला, तर तो लपतो. मग वेग निम्मा, ९.५ सेंमी केला. तानपुरा एक सप्तक खाली उतरला, आवर्तन १० सेकंदांचं झालं, आणि जवारीचे, म्हणजे तारांच्या झणझणत्या नादाचे, एरवी निसटणारे बारकावे एकेक करून उलगडत गेले. हे जरूर करून ऐका.