आधी टोकं मोजा
सहा टोकांची चांदणी मुळापासून ज्यूंचीच, असं काहीजण म्हणतात. ते पटत नाही. त्यांचं जुनं चिन्ह म्हणजे सात फांद्यांचा दीपवृक्ष, मेनोरा. इस्रायलमधल्या कफर्णहूमच्या प्राचीन ज्यू सभास्थानात षट्कोनी तारा आहे, पण तिथल्याच पंचकोनी ताऱ्यासारखा, नुसती नक्षी म्हणून. १८९७च्या बाझल (स्वित्झर्लंड) अधिवेशनात तो झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंसाठी स्वतंत्र देश मागणाऱ्या चळवळीच्या, झेंड्यावर आला. आपल्या पूजेच्या यंत्रांतही दोन त्रिकोणांची हीच चांदणी दिसते: वर टोक असलेला त्रिकोण शिव, खाली टोक असलेला शक्ती. बाबिलोनी सीमाशिलांवरची आठ टोकांची चांदणी इश्तारची, म्हणजे शुक्राची.

गोव्यातलं नाताळचं नक्षत्र, म्हणजे चांदणीच्या आकाराचा कागदी कंदील, बहुधा पाच टोकांचं, येशूच्या जन्माच्या वेळी दिसलेल्या बेथलेहेमच्या ताऱ्याचं. सारख्या लांबीच्या दहा कामट्यांच्या दोन चांदण्या करून टोकं बांधायची, आतल्या पाच छेदांवर पाच आखूड आधार. हे आधार लहानमोठे झाले की सांगाडा पिळतो आणि कागद फाटतो.