संग्रहालयाचा अभिरक्षक (क्युरेटर) व्हायचंय, काम नेमकं काय असतं?

कराडची_लेक: इतिहासात एम.ए. झालंय. २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात आली, ती पाहिल्यापासून संग्रहालयातच काम करायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, कपाटं पुसायला एम.ए. कशाला? शिक्षण कुठलं लागतं? दिवसभर काम काय असतं?

कृष्णाकाठ: बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सरकारी जागेसाठी अर्ज करताना जाहिरातीतली पात्रता नीट वाचा.

जुना_अभिरक्षक: ताई, माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात, याच कामात झाली. लोकांना दालन दिसतं, पण संग्रहालयाचा जीव नोंदवहीत असतो. वस्तू आली की क्रमांक, माप, वजन, कुणाकडून आली, कुठे तडा, कुठे गंज, सगळं लिहायचं. ही नोंद हरवली की तलवार कुणाची, कुठली, काही सांगता येत नाही. नुसतं लोखंड उरतं. वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली. अशी उसनी वस्तू घेता-देताना एकेक ओरखडा ताडून पाहावा लागतो.

मग हवा. साताऱ्याच्या पावसात पोथ्यांना बुरशी, हत्यारांना गंज. तिकडे खटावात उलटं, उन्हाळ्यात लाकूड तडकतं आणि धूळ पाठ सोडत नाही. जलरंगातली चित्रं आणि जुनं कापड यांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, कारण उडालेला रंग परत येत नाही. ‘इथे एवढा अंधार का?’ असं कुणी विचारलं की मी थांबून समजावायचो. तेही कामच, आणि मला फार आवडायचं.

औंधचं श्री भवानी संग्रहालय सवडीनं बघा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर ते उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा! एवढ्याशा संस्थानाच्या राजानं हे गोळा केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कराडची_लेक: खूप आभार, काका. आमच्या माळ्यावर मोडी कागदांचं दप्तर आहे. त्यावर सराव करू का?

जुना_अभिरक्षक: जरूर करा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ऊन दाखवायचं नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा, धूळ मऊ ब्रशनं झाडा. मागच्या कोऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घाला आणि वहीत नोंद करा. खळ धुऊन काढलेल्या सुती कापडाचं बासन पुरेल. एखादा कागद चिकटलेला असेल, तर तो मात्र ओढू नका, तसाच जाणकाराकडे न्या.